मायक्रॉनबाईंचे तीन

कल्पना करा, जमिनीवर निळ्या चिकटपट्टीची एक सरळ रेघ आहे, चार मीटर लांब. त्या रेघेवरून तुम्हाला चालायचंय. उजव्या पायाची टाच डाव्या पायाच्या अंगठ्याला टेकवायची, मग डाव्याची उजव्याला. हात कमरेवर, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर, खाली बघायचं नाही. आता आणखी एक कल्पना करा. तुमचा डावा पाय तुमचाच आहे, दुखत नाही, बधिरही नाही, पण तुमचा निरोप त्याच्यापर्यंत जरा उशिरा पोचतो. तेवढ्या उशिरात अख्खं शरीर विचार करतं, पडू की राहू. चार मीटर संपले की पंचविशीतली एक मुलगी हातातल्या पाटीवर पेन टेकवून विचारते, "किती?"

किती म्हणजे थकवा किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता कोसळलोच. काय सांगाल?

मायक्रॉनबाई म्हणाल्या, "तीन."

खरा आकडा आठ होता. घाम मानेवरून कमरेपर्यंत पोचला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे त्यांना दोनाचे चार दिसत होते. पण शेजारच्या बाकावर तोंडावर टोपी टाकून एक बसड्रायव्हर झोपला होता. तो नुकताच "सात" म्हणून बिनदिक्कत आडवा झाला होता, आणि तरीही तो बाईंच्या पुढे होता. आठ म्हणायला त्यांची जीभ वळेना.

मायक्रॉनबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. ते कारखान्याने ठेवलेलं, आणि पाठीमागेच घ्यायचं. कारखान्यात बॉलबेअरिंगच्या रिंगा बनत आणि बाई तिथे सव्वीस वर्षं तपासनीस होत्या. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. पाच मायक्रॉन इकडेतिकडे झालेली रिंग बाई पेटीतून काढत आणि टेबलाच्या कडेला अशी ठेवत, की बनवणाऱ्याला ती जाता-येता दिसावी. त्यांच्या खोलीला अठरा लोखंडी पायऱ्या होत्या. टेबलावर डाव्या हाताला दिवा, उजव्या हाताला मापायचा मायक्रोमीटर आणि मध्ये लाकडी डबीत, मऊ कापडात ठेवलेली मास्टर रिंग. मास्टर म्हणजे जिचं माप पक्कं ठाऊक आहे अशी रिंग. रोज सकाळी आधी मास्टर मापायची, तिच्यावर उपकरण लावून घ्यायचं आणि मगच जगाला नावं ठेवायला सुरुवात करायची, असा बाईंचा नेम होता.

एकदा एका कारागिराने पंचवीस रिंगांचा तक्ता भरून पाठवला. पंचवीसही ठिकाणी एकच आकडा. बाईंनी एकही रिंग हातात घेतली नाही. कागद पाहिला, आडवा फाडला, उभा फाडला आणि त्याला खोलीत बोलावून सांगितलं, "खरी रिंग एकसारखी येत नसते रे. एकसारखा येतो तो आळस." त्याला तीन महिने मालाच्या पेट्या उचलायला लावलं. तो गयावया करत होता. बाई म्हणाल्या, "मापताना चूक होऊ शकते. मापल्याचं सोंग करताना होत नाही. ते ठरवूनच करावं लागतं."

अशा बाईंच्या डाव्या हातातून एका सकाळी रिंग निसटली. रिंग घरंगळत दारापर्यंत गेली आणि ती उचलायला बाई उठल्या, तर डावा पाय उठलाच नाही. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेत दवाखाना गाठला म्हणून बोलणं वाचलं, महिन्याभरात हातही आला, पायही आला. आला नाही तो तोल. आणि नवा आला तो थकवा.

हा थकवा बाईंना कोणाला समजावून सांगता येईना. ही झोप नव्हे, दमणूक नव्हे. दात घासून झाले की खुर्चीत बसावं लागे. नणंदेशी फोनवर दहा मिनिटं बोललं की अर्धा दिवस खर्ची पडे. ते नणंदेमुळेही असेल, असं नवरा म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता आणि त्याचे विनोद त्याच्या फायलींसारखेच हळूहळू पुढे सरकत.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती. अठरा पायऱ्या न थांबता चढायच्या, एका पायामागे दुसरा पाय ठेवून तीस सेकंद उभं राहायचं आणि टेबलाशी दोन तास काम करायचं. जमलं तर खोली बाईंची. नाही जमलं तर तळमजल्यावर जुन्या कागदांच्या कपाटांजवळ खुर्ची, आणि टेबल कायमचं त्यांच्या हाताखालच्या मुलीला. त्या मुलीने मधे एकदा फोन केला होता. "मॅडम, दिवा जरा उजवीकडे घेतलाय. चालेल ना?"

"चालेल की," बाई म्हणाल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

त्या तारखेआधी व्यायामशाळेतल्या त्या पाटीवाल्या मुलीची सही हवी होती. व्यायामशाळा म्हणजे दवाखान्यामागची एक लांबट खोली. भिंतीला लाकडी दांडे, एक आरसा, तीन पायऱ्यांचा कुठेच न जाणारा जिना, फोमच्या दोन निळ्या गाद्या. फिजिओथेरपिस्ट मुलगी सगळ्यांना काका-काकू म्हणे आणि सगळे तिला पोरी म्हणत. तिचा नियम साधा होता. सहाच्या वर थकवा गेला की थांबायचं, बसायचं, आडवं व्हायचं. "थकव्याशी कुस्ती नाही खेळायची काकू. तो जिंकतो. त्याला हूल द्यायची. सहा यायच्या आत थांबलं, की पुढच्या वेळी सहा जरा उशिरा येतो." सलग तीन खेपा चार किंवा त्याखाली आलं की पुढचा टप्पा. आधी रेघ, मग एक पाय, मग फोमची गादी.

आता तो ड्रायव्हर. त्याला झटका आला तो बाईंच्याच आठवड्यात. डावीच बाजू. वयाने एक वर्ष मोठा. बाईंच्या हिशेबी हे एकाच लॉटचे दोन नग होते, त्यामुळे तुलना करायला त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. त्याचं पोट सुटलेलं, मोज्याला भोक, आणि थकवा सांगायची त्याला काडीची लाज नव्हती.

"किती, काका?"

"सात."

"बसा मग."

"बसतो कशाला? आडवाच होतो."

बाईंना राहवलं नाही. "चार पावलांत सात?"

"काल मेव्हणे आले होते हो. त्यांचं ऐकून घेण्यातच पाच संपले. आज दोनच शिल्लक घेऊन आलोय."

"तुमचं बरं आहे ड्रायव्हरसाहेब. यायचं आणि झोपायचं."

"बाई, तीस वर्षं लोक माझ्या गाडीत झोपले. आता माझी पाळी." आणि टोपी तोंडावर.

तिसऱ्या आठवड्यात तो टोपी काढून उठला, रेघेवरून चालून आला आणि म्हणाला, "चार." पुढच्या खेपेला चार. त्याच्या पुढच्या खेपेला साडेतीन. साडेतीन! बाईंनी आयुष्य मायक्रॉनमध्ये काढलं होतं, पण हा अर्धा त्यांना सुईसारखा टोचला. मुलीने त्याला मधला टप्पा गाळून थेट फोमच्या गादीवर उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. तो बावीस सेकंद उभा राहिला. मुलीच्या घड्याळात एकवीस होते. बावीस बाईंनी मोजले होते, मनातल्या मनात, दात आवळून. त्या स्वतः साध्या फरशीवर अकराच्या पुढे गेल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून त्या माणसाला त्यांनी पाण्यात पाहायला सुरुवात केली. तो आत आला की त्याचं पाऊल बघायचं. पाणी प्यायला तर तो उभ्याने प्यायला की बसून. घाम आधी कोणाला आला. त्याचं घोरणंसुद्धा त्यांना टाळ्यांसारखं ऐकू येई.

"नुसता झोपतो हो तो," त्या घरी म्हणाल्या. "आणि वर शाबासकी."

"मग तूही झोप," नवरा म्हणाला.

"मी काय कामचुकार आहे?"

"त्याने काल किती सेकंद काढले?"

"एकोणतीस."

"त्याचा रक्तदाब?"

"एकशे चौतीस. खालचा ब्याऐंशी."

"माझा किती?"

बाई उठून पाणी आणायला गेल्या.

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी रेघ संपल्यावर मुलीने विचारलं आणि बाईंच्या तोंडून तीन बाहेर पडला. पहिला तीन अवघड गेला. दुसरा सोपा गेला. तिसऱ्यानंतर मुलगी म्हणाली, "वा काकू," आणि त्यांना एका पायाच्या टप्प्यावर नेलं. ड्रायव्हरने टोपी वर करून पाहिलं. ते पाहणं बाईंना फार आवडलं.

मग सव्वीस वर्षांची शिस्त उलट्या दिशेने जुंपली गेली. नवरा कचेरीत गेला की त्या ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहत, चोरून, जादा. दुपारी अंग दगड होई. एकदा घास हातातच राहिला आणि झोप लागली. एकदा भांडी घासायला सुरू केलेला नळ तसाच राहिला. नवरा सहाला आला तर पाणी उंबऱ्याबाहेर.

"पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरी हे," तो म्हणाला. पण पुसताना त्याने दोनदा वर पाहिलं. "अगं, तू तिथे खरं सांगतेस ना?"

"अहो, मी खोटं कधी सांगितलंय?" बाई म्हणाल्या. आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ज्या सुरात म्हटलं होतं, त्याच सुरात म्हटलं.

तारखेला नऊ दिवस उरले होते तेव्हा त्या फोमच्या गादीवर चढल्या. फोम म्हणजे पायाखालची जमीन मऊ होणं. तळव्याला काही कळत नाही आणि सगळा भार मेंदूवर येतो, म्हणून तर तो व्यायाम. मुलीने त्यांच्या कमरेचा पट्टा धरला होता. शेजारी दुसऱ्या गादीवर आज ड्रायव्हर नव्हता. तो आल्या आल्या "साडेसहा" म्हणून बाकावर पसरला होता. आज आपण त्याच्या पुढे आहोत, हा विचार बाईंच्या मनात पुरता उमटायच्या आत डावा घोटा बाहेर वळला. पट्टा मुलीच्या हातात होता म्हणून आपटल्या नाहीत. तिने सावरलं, वळवलं, आणि बाई सावकाश, सन्मानाने, बाकावर जाऊन बसल्या. म्हणजे ड्रायव्हरच्या पोटऱ्यांवर.

टोपीखालून आवाज आला. "बाई, घाई करू नका. स्टॉप आला की सांगतो."

मुलीने त्यांची नाडी धरली. मग, सवयीने, विचारलं, "किती, काकू?"

बाईंना श्वास पुरत नव्हता. त्या म्हणाल्या, "तीन."

कोणी हसलं नाही. ड्रायव्हरने पाय हळूच काढून घेतले आणि उठून बसला. मुलीने पाटी बाईंच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमची नाडी, काकू. एकशे अठरा. एकशे सव्वीस. परवाची एकशे एकतीस. आणि या रकान्यात तुमचा आकडा. तुम्हाला खोटं ठरवायचं नाही मला. पण यावर सही कशी करू?"

बाईंनी रकाना पाहिला. वरून खाली गेल्या चौदा खेपा. तीन, तीन, तीन, तीन. एकाच वळणाचे, एकाखाली एक, गणवेशातल्या पोरांसारखे उभे. शेजारच्या कागदावर ड्रायव्हरचा रकाना दिसत होता. सात, सहा, सात, पाच, चार, चार, साडेतीन, सात, सहा, साडेसहा. वेडावाकडा. जिवंत. कोणाचा खरा, हे ठरवायला नाडीची गरजच नव्हती. असा कागद त्यांनी एकदा आडवा फाडला होता, उभा फाडला होता.

मग त्यांनी विचारलं, "पेन आहे का?"

मुलीने दिलं. बाईंनी चौदाही तीनांवर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, लॉट रद्द. "नवीन कागद लाव पोरी. आजपासून. आत्ताचा आठ." जरा थांबून त्या म्हणाल्या, "नाही. नऊ."

"का हो पण?" मुलगी म्हणाली.

बाईंनी ड्रायव्हरकडे बोट केलं. "यांच्यामुळे."

"माझ्यामुळे?" तो चक्रावला. "मी तर झोपलो होतो."

"तेच."

कारखान्याला फोन बाईंनी स्वतः केला. सहा आठवडे वाढवून मिळाले. तोवर तक्त्यांवर सही हाताखालच्या मुलीची. फोन ठेवल्यावर त्यांनी नवऱ्याला बोलावलं, त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रक्तदाब मोजला. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. "तुमचा त्याच्यापेक्षा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "चला, कशात तरी मी पुढे," नवरा म्हणाला.

पुन्हा रेघेपासून सुरुवात झाली. बाई सहाला थांबू लागल्या, आडव्या होऊ लागल्या. झोपताना त्यांना वाटे, सगळी खोली आपल्याकडे बघतेय. खोली कशाला बघतेय? जो तो आपापल्या तोलात गुंतलेला. पण एक अडचण होती. आकडा सांगायला आपल्याला येतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आठ की सहा, ते कळायच्या आतच आकडा पुढे निघून गेलेला असे. मग एकदा दोघं बाकावर बसलेले असताना त्यांनी गिळता येईल तेवढा अभिमान गिळला.

"तुम्हाला कळतं कसं हो? साडेतीन काय, साडेसहा काय."

ड्रायव्हरने टोपी मांडीवर घेतली. "सुरुवातीला मला एक गाडी होती. तिचा डिझेलचा काटा बंद. आठ वर्षं चालवली. आगारात सांगून सांगून थकलो. मग चढावर कळायला लागलं. रोज तोच चढ ना. टाकी भरलेली असली की गाडी एका तऱ्हेने चढते, निम्मी असली की दुसऱ्या. कधी मधेच बंद पडली नाही."

"पण कळायचं कशावरून? आवाजावरून? वजनावरून?"

"ते नाही सांगता यायचं. चढावरून."

"आणि भरलेल्या टाकीचं माप कशावर लावून बघायचात?"

"बघायचो कशाला? पंपावर भरताना कळायचंच किती मावलं ते."

बाईंना हे उत्तर मुळीच पटलं नाही. उपकरण नसताना याला बरोबर वाचता येतं आणि सव्वीस वर्षं उपकरणांत घालवून आपल्याला येत नाही, याने तर त्यांच्या अंगाचा नव्याने तिळपापड झाला. पण घरी जाऊन त्यांनी वही काढली. रोज तोच चढ हवा, तर घराचा जिना तोच होता, बावीस पायऱ्या. दोनला त्या चढताना गुणगुणू शकत. चारला गुणगुणणं थांबे पण पायऱ्यांची मोजणी चुकत नसे. पाचला मोजणी चुके. सहाला डाव्या चपलेची बाहेरची कड पायरीला घासल्याचा आवाज येई. सातला तो आवाज येतोय हेच कळत नसे, नवऱ्याला कळे. तो दारातून ओरडे, "कड आली गं."

पंधरा दिवसांनी कड सोळाव्या पायरीऐवजी विसाव्या पायरीला आली. महिन्याने बावीसही पायऱ्या कडेशिवाय झाल्या. त्या दिवशी बाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि पहिला विचार त्यांच्या मनात आला तो हा, की ड्रायव्हरच्या घराला किती पायऱ्या असतील.

त्याला तळमजलाच होता, हे नंतर समजलं. आणि गाडी आता चालवू देणार नाहीत, आगारातल्या खिडकीवर बसवणार, हेही. त्याने ते असं सांगितलं, जसा कोणी दुसऱ्याच माणसाची बदली झाल्याचं सांगतो. मग टोपी तोंडावर घेतली. त्या दिवशी तो घोरला नाही. बाईंनी हेही टिपलं, पण कोणत्या रकान्यात घालावं ते त्यांना कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्या अठरा पायऱ्या गुणगुणत चढल्या. एका पायामागे एक पाय ठेवून एकतीस सेकंद उभ्या राहिल्या. मग टेबल. दिवा उजवीकडे होता. तो डावीकडे घेतला, मास्टर मापली, कामाला लागल्या. एक तास दहा मिनिटांनी एका रिंगेचा आकडा लिहायला घेतला आणि तो डोक्यात नव्हता. नुकताच वाचलेला. परत मापलं, परत गेला. हाताखालची मुलगी भिंतीशी उभी होती. कारखान्याचे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "जमतंय ना? किती थकवा?"

पन्नास मिनिटं काढायची होती. तीन म्हटलं असतं तर कोणी नाडी बघणार नव्हतं. बाईंनी मुलीकडे पाहिलं. तिच्या हाताकडे, दिव्याकडे.

"सहा," त्या म्हणाल्या आणि मायक्रोमीटर खाली ठेवला. "इथून पुढचं मी लिहिलेलं धरू नका."

तर असं झालं, की त्यांना टेबल मिळालं पण अर्धं. सकाळचा एक तास त्यांचा, महिन्याला थोडाथोडा वाढणारा. उरलेला दिवस त्या मुलीचा. दिवा सकाळी डावीकडे जातो, मग उजवीकडे. दोघीही त्याबद्दल बोलत नाहीत. मुलगी चांगलं काम करते. बाईंना ते बघवत नाही, पण त्या बघतात.

शुक्रवारी व्यायामशाळा अजून असते. गेल्या शुक्रवारी दोघांनी शेजारशेजारच्या गाद्यांवर तीस-तीस सेकंद काढले. मुलीने विचारलं. "चार," ड्रायव्हर म्हणाला. बाईंनी नीट विचार केला, मनातल्या मनात जिना चढून पाहिला. "चार," त्या म्हणाल्या. मुलीने दोन कागदांवर दोन चार लिहिले. ड्रायव्हर खूश होऊन बाकावर बसला आणि त्याने बाईंसाठी अर्धी जागा सोडली. बाई बसल्या नाहीत. त्या पाटीवर वाकून ते दोन चार बघत राहिल्या, पेटीतल्या दोन रिंगा बघाव्यात तशा.

"पोरी, एक सांग," त्या म्हणाल्या. "याचा चार आणि माझा चार एकच आहे, हे तू कोणत्या मास्टरवर लावून बघितलंस?"